तण माजलं, पीक दिसेना : ऑप्टिकल कोरिलेटरमधल्या नॉइजचा माग

ऑप्टिकल कोरिलेटर म्हणजे चित्रात हवी ती वस्तू, म्हणजे लक्ष्य, कुठे आहे हे लेझरच्या प्रकाशाने शोधणारी मांडणी; लक्ष्य सापडलं की तिथे टोकदार ठिपका उमटतो. कोरिलेटर जुळवून झाला, लक्ष्याचं चित्र इनपुटला लावलं, फिल्टर (लक्ष्यावरून काढलेला साचा) चढवला आणि पडद्यावर टोकदार ठिपक्याऐवजी नुसती राळ उडालेली. ही तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे, की आता टेबलाजवळ जायच्या आधीच चार प्रश्न विचारून घेते. आमच्या गटात याला ‘तण माजलंय, पीक दिसेना’ असं म्हणतात. त्या टोकदार ठिपक्याचं इंग्रजी नाव ‘पीक’, म्हणजे शिखर; ते मराठीत आलं ते थेट शेतातच उतरलं, आणि उपमा चपखल बसल्यामुळे कोणी ते दुरुस्तही केलं नाही.

नॉइज, म्हणजे ही नको असलेली राळ, म्हटला की माणसं लगेच पिनहोलचे (शलाका गाळून घेणाऱ्या बारीक भोकाचे) स्क्रू फिरवायला धावतात, नाहीतर नवा फिल्टर गणित करून काढायला बसतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. पडद्यावर सगळी राळ एकसारखी दिसत असली तरी तिची घरं तीन आहेत : कॅमेरा, प्रकाशाची वाट आणि संगणकातले आकडे. कुठल्या घरात आग आहे ते कळेपर्यंत एकाही स्क्रूला हात लावायचा नाही, हा माझा नियम. तो मोडला तेव्हा दरवेळी माझा आठवडा वाया गेला आहे.

पुढचं सगळं नेहमीच्या फोर-एफ, म्हणजे दोन लेन्स आणि चार नाभीय अंतरांच्या मांडणीबद्दल आहे. ६३२.८ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेझर, इनपुटला एक एसएलएम (स्पेशियल लाइट मॉड्युलेटर, पिक्सेलगणिक प्रकाश बदलणारा पडदा), पहिली लेन्स, फूरिए प्रतलात (लेन्स जिथे चित्राचा वर्णपट, म्हणजे त्यातल्या ढोबळ-बारीक नक्षीची विभागणी, मांडते तिथे) फिल्टरचा दुसरा एसएलएम, दुसरी लेन्स आणि शेवटी कॅमेरा. व्हॅन्डरलुग्ट यांनी १९६४ साली फिल्टर होलोग्रामवर नोंदवायची रीत मांडली. आज होलोग्रामच्या जागी एसएलएम आला आहे, पण दुखणी बरीचशी तीच आहेत.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी ठरवा. दोन-तीन एकत्रही असतात.

– पीक आहे, पण आजूबाजूची पातळी इतकी वर की ते ओळखायला डोळे बारीक करावे लागतात.
– पीक दर फ्रेमला नाचतं, कधी उंच तर कधी बुटकं.
– पडद्यावर गोल गोल कडी किंवा समांतर पट्टे दिसतात आणि ते जागचे हलत नाहीत.
– मधोमध झगझगीत ठिपका आहे, आणि लक्ष्य सरकवलं तरी तो तिथेच राहतो. हे पीक नव्हे. लक्ष्य सरकलं की खरं पीक त्याच्याबरोबर सरकतं.
– लक्ष्य चित्रात नसतानाही पीक उमटतं, बहुतेकदा एखाद्या उजळ पृष्ठभागावर.
– सकाळी सगळं छान, संध्याकाळी बिघाड.

आधी मोजा

‘आता जरा बरं दिसतंय’ या वाक्याने जितका वेळ खाल्ला आहे तितका धुळीनेही खाल्ला नसेल. म्हणून एक आकडा धरा. मी पीएसआर (पीक-टू-साइडलोब रेशो) वापरते : पीकची उंची, वजा भोवतालच्या भागाची सरासरी, भागिले त्याच भागाचं प्रमाण विचलन. पीकभोवती २० बाय २० पिक्सेलची चौकट घ्यायची आणि मधला ५ बाय ५ चा तुकडा वगळायचा. पीक तुमच्याकडे रुंद असेल तर दोन्ही चौकटी मोठ्या करा, पण एकदा ठरवल्या की दुरुस्ती संपेपर्यंत बदलू नका.

मग काहीही न हलवता पाच फ्रेम जपून ठेवा. पहिली कॅमेऱ्यावर टोपी लावून. दुसरी टोपी काढून, पण लेझर बंद. तिसरी लेझर सुरू, इनपुट काळं, फिल्टर कोरा. चौथी इनपुटला चित्र, फिल्टर कोराच. पाचवी सगळं चालू. राळ ज्या फ्रेमपासून दिसायला लागते त्या पायरीत दोष. पहिलीतच असेल तर कॅमेरा, दुसरीत आली तर खोलीतला उजेड, तिसरीत आली तर प्रकाश कुठूनतरी गळतोय. चौथीत नुसती प्रतिमा स्वच्छ दिसायला हवी. ती स्वच्छ असूनही पाचवी घाण असेल, तर दोष फिल्टरमध्ये किंवा तो बसवण्यात आहे.

या पाच फ्रेमना दहा मिनिटं लागतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारी इथेच फुटतात.

कॅमेरा

ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन बंद करा. हे चालू असेल तर पीक उंचावताच कॅमेरा सगळी फ्रेम अंधारी करतो, आणि पीक कमी झालं की पार्श्वभूमी फुगवतो. म्हणजे तुम्ही मोजताय ते कॅमेऱ्याचं मत. गॅमा, म्हणजे उजेड आणि कॅमेऱ्याचा आकडा यांच्या नात्यातला वाक, १ वर हवा, नाहीतर अंधारातला नॉइज उगाच वर ओढला जातो. पीकचा मधला पिक्सेल संपृक्त झालेला नाही ना, तेही पाहा. ८ बिटच्या कॅमेऱ्यात २५५ दिसलं तर खरी उंची किती होती हे कुणालाच सांगता येणार नाही. १२ बिटची सोय असेल तर ती वापरा.

आता एक्स्पोजर. पीक फ्रेमगणिक नाचत असेल तर मी आधी इथे बघते. एसएलएम ६० हर्ट्झवर चालत असेल तर त्याची एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर त्याहून बरंच कमी ठेवलं, तर तो एसएलएमच्या लुकलुकण्यातला कधी वरचा, कधी खालचा क्षण टिपतो. एक्स्पोजर फ्रेमच्या पूर्ण पटीत ठेवा आणि प्रकाश जास्त झाला तर वाटेत न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर घाला. लेझरला दोष देण्यापूर्वी हे झालंच पाहिजे.

सरासरीची चाचणी

एकाच स्थितीत १०० फ्रेम घ्या आणि सरासरी काढा. यादृच्छिक नॉइज फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे १०० फ्रेमना दहापट. घटला, तर तो कॅमेऱ्याचा किंवा प्रकाशाच्या चढउताराचा आहे आणि सरासरी हाच सगळ्यात स्वस्त उपाय. नाही घटला, तर ती साचेबद्ध नक्षी आहे : धूळ, व्यतिकरण (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उठणारे पट्टे), स्पेकल (लेझरच्या प्रकाशातली दाणेदार नक्षी) किंवा खुद्द फिल्टरच्या गणितातून आलेली राळ. हजार फ्रेम घेतल्या तरी ती तशीच राहणार. इथे वाट दुभंगते. कोणत्या बाजूला जायचं हे न ठरवता पुढे गेलेली माणसं फिरून इथेच परत येतात.

तेच गणित संगणकावर

तेच इनपुट, तोच फिल्टर, फक्त प्रकाशाऐवजी फास्ट फूरिए ट्रान्स्फॉर्म. शून्य खर्च. संगणकावरचं पीकही राळेत बुडालेलं असेल, तर टेबलावरची एकही लेन्स दोषी नाही. थेट ‘फिल्टरच बदलायचा असेल तर’ या भागाकडे उडी मारा. संगणकावर स्वच्छ आणि टेबलावर घाण असेल, तर पुढे वाचत राहा. टेबलाचा आकडा संगणकाच्या बराच जवळ असेल तर दुरुस्ती थांबवा. उरलेलं अंतर भरून काढायला महिने जातात आणि ओळख काही सुधारत नाही.

एसएलएमला पोचतंय काय?

एसएलएम हा संगणकाच्या दृष्टीने दुसरा मॉनिटर. म्हणून मॉनिटरसाठी केलेल्या सगळ्या सोयी इथे गैरसोयी ठरतात. डिस्प्ले स्केलिंग १२५ टक्क्यांवर असेल तर तुमचा फिल्टर ताणून, मऊ करून दाखवला जातो आणि पिक्सेलला पिक्सेल ही अट मोडते. फिल्टरची फाइल जेपेगमध्ये साठवली असेल तर दाबताना उडालेले बारकावे म्हणजे फेजमधल्या, प्रकाशलहर किती मागेपुढे करायची त्या आकड्यांमधल्या, चुका. पीएनजी किंवा बिटमॅपच वापरा. ग्राफिक्स कार्डाची रंगदुरुस्ती बंद ठेवा.

‘संध्याकाळी बिघडतो’ हे लक्षण एकदा माझ्याही वाट्याला आलं होतं. दिवसभर पीएसआर ठाम, आणि दिवेलागणीला घसरण. तापमान, वातानुकूलन, शेजारच्या पंपाचे हादरे, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. टेबलाभोवती पुठ्ठ्याची पेटीसुद्धा केली. शेवटी निघाला तो संगणकाचा रात्रीचा प्रकाश मोड. ठरलेल्या वेळी तो पडद्याचे रंग उबदार करायचा आणि त्याच्याबरोबर एसएलएमला जाणाऱ्या करड्या पातळ्याही बदलायचा. फेज चुकली, प्रकाश भलत्या ऑर्डरमध्ये, म्हणजे एसएलएमच्या जाळीतून फुटणाऱ्या भलत्या शलाकेत, गेला. एक बटण बंद केलं आणि प्रश्न मिटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पुठ्ठ्याची पेटी अजून आहे, धुळीला उपयोगी पडते.

फिल्टर जागेवर आहे का?

हे जरा सविस्तर सांगते, कारण इथली चूक नॉइजसारखीच दिसते.

फूरिए प्रतलातल्या वर्णपटाचं माप लेन्सच्या नाभीय अंतरावर ठरतं. दोन्ही एसएलएमचे पिक्सेल ८ मायक्रोमीटरचे आणि संख्या १०२४ असेल, तर एकास एक जुळणीसाठी नाभीय अंतर हवं : १०२४ गुणिले ८ गुणिले ८, भागिले तरंगलांबी ०.६३२८ मायक्रोमीटर. म्हणजे सुमारे १०३.६ मिलिमीटर. बाजारात १०० ची लेन्स मिळते, आणि तिच्यावर छापलेला आकडाही टक्का-दोन टक्के इकडेतिकडे असू शकतो. एक टक्क्याची चूक मध्यावर कळतच नाही, पण मध्यापासून ५१२ पिक्सेल दूर, कडेला, ती पाच पिक्सेल होते. लक्ष्याचे बारीक तपशील कडेलाच असतात. तिथे फिल्टर आणि वर्णपट जुळले नाहीत तर तो सगळा प्रकाश पीकमध्ये न जाता राळ बनून पसरतो.

आडव्या सरकण्याचंही तसंच. लक्ष्य जितकं मोठं, तितकी वर्णपटाची नक्षी बारीक. लक्ष्य १०२४ पैकी २५६ पिक्सेल रुंद असेल तर नक्षीचा दाणा साधारण चार पिक्सेलचा, म्हणून एखाद्या पिक्सेलचं सरकणं खपून जातं. लक्ष्याने सगळी चौकट भरली असेल तर एका पिक्सेलनेही पीक ढासळतं. १०३.६ मिलिमीटरवर एक पिक्सेल म्हणजे शलाकेचा कोन ७७ मायक्रोरेडियनने बदलणं. आरशाचा माउंट रात्रभरात एवढा सहज ढिला पडतो.

उपाय स्क्रूने करू नका, सॉफ्टवेअरने करा. फिल्टरचं चित्र दोन्ही दिशांना उणे १० ते अधिक १० पिक्सेल सरकवत जा आणि प्रत्येक ठिकाणी पीएसआर नोंदवा. मग लेन्सच्या छापील आकड्यावरून काढलेलं माप ०.९७ ते १.०३ पटीपर्यंत बदलून पाहा, मग एक अंशाच्या आत दोन्हीकडे फिरवून. स्क्रिप्ट लावून चहा प्यायला जा. आल्यावर नकाशात एक टेकडी दिसेल, तिचा माथा म्हणजे तुमची जागा. टेकडीच दिसली नाही तर फिल्टर उलटा करून बघा. दोन लेन्समधून गेल्यावर प्रतिमा उलटते हे ठाऊक असूनही मी ही चूक तीनदा केली आहे. मापाची शंका असेल तर इनपुटला १६ पिक्सेल आवर्तनाची जाळी लावा. जुळणी बरोबर असेल तर तिची पहिली ऑर्डर मध्यापासून बरोबर ६४ पिक्सेलवर पडते.

धूळ आणि पट्टे

फिल्टर कोरा ठेवून आउटपुटला प्रतिमा आणा. गोल कडी दिसली तर एकेक भाग किंचित सरकवा. ज्याच्याबरोबर कडी सरकतील, धूळ त्याच्यावर. अंदाजापुरतं एवढं लक्षात ठेवा, की बारीक घट्ट कडी कॅमेऱ्याजवळच्या धुळीची आणि मोठी पसरट कडी दूरच्या धुळीची. समांतर पट्टे म्हणजे एखाद्या समांतर काचेच्या दोन पृष्ठांमधलं व्यतिकरण, आणि पहिला संशयित कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची काच. कॅमेरा एक-दोन अंश कलवा. पट्टे बदलले तर चोर सापडला. न्यूट्रल डेन्सिटी फिल्टरही थोडा तिरकाच ठेवावा.

साफ करताना आधी रबरी फुग्याची हवा. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. मग गरज असेल तरच लेन्स टिश्यूवर शुद्ध अ‍ॅसिटोनचा थेंब टाकून एकाच दिशेने एकदा ओढायचं, आणि प्रत्येक वेळी नवा टिश्यू. घासायचं नाही. प्लास्टिक आणि पोलरायझरच्या फिल्मला अ‍ॅसिटोन लावू नका. एसएलएमला फक्त हवा, त्यापुढे काही नाही.

इथे एक सल्ला हमखास मिळतो : स्पेकल घालवायला लेझरसमोर फिरती दुधी काच लावा. प्रतिमा गुळगुळीत दिसते हे खरं. पण त्याने प्रकाशाची अवकाशीय सुसंगती जाते, आणि फूरिए प्रतलातला फिल्टर त्याच सुसंगतीवर उभा आहे. नॉइजबरोबर कोरिलेशनही जातं. लावू नका.

लेझर आणि पिनहोल

लेझर सुरू करून किमान अर्धा तास जाऊ द्या. नंतरही तीव्रता डोलत असेल तर परतणारा प्रकाश तपासा. एखाद्या पृष्ठावरून परावर्तित शलाका सरळ लेझरच्या तोंडात शिरत असेल तर तो अस्थिर होतो, डायोड लेझर तर फारच. तो पृष्ठ केसभर कलवला की पुरतं.

पिनहोलचा हिशेब सोपा आहे. ०.८ मिलिमीटरची शलाका आणि १६.५ मिलिमीटर नाभीय अंतराचं सूक्ष्मदर्शकाचं १० एक्स ऑब्जेक्टिव्ह असेल तर नाभीवरचा ठिपका सुमारे १६.६ मायक्रोमीटरचा. त्याच्या दीडपट, म्हणजे २५ मायक्रोमीटरचं पिनहोल. मोठं घेतलं तर ऑब्जेक्टिव्हवरच्या धुळीची घाण पार होते, छोटं घेतलं तर प्रकाश वाया जातो. शलाका समांतर झाली की नाही हे शिअर प्लेटने (पट्ट्यांच्या दिशेवरून समांतरता दाखवणाऱ्या काचेने) पाहा, डोळ्यांच्या अंदाजाने नाही. आणि हे सगळं करताना शलाकेच्या पातळीवर डोळे आणायचे नाहीत. घड्याळ, अंगठ्या काढून ठेवायच्या.

मधला हट्टी ठिपका

इनपुट सरकवलं तरी जागचा न हलणारा ठिपका म्हणजे एसएलएमची शून्य ऑर्डर : पिक्सेलमधल्या फटींवरून आणि फेज न बदलता आलेला प्रकाश. आधी पोलरायझर एसएलएमच्या अक्षाला लावा. मग पातळ्यांचा तक्ता, म्हणजे कोणत्या करड्या पातळीला किती फेज, तो तपासा. तो तुमच्या तरंगलांबीसाठीच हवा, आणि शेवटची करडी पातळी पूर्ण दोन पायची फेज देते की कमी, ते बघा. एसएलएम तापला की हीच फेज घटते, म्हणून तक्ता यंत्र तापल्यावरच मोजायचा.

इतकं करूनही ठिपका पूर्ण जात नाही. म्हणून फिल्टरमध्ये तिरकी फेज, म्हणजे वाहक जाळी मिसळा. कोरिलेशन बाजूला सरकतं आणि ठिपका एकटा मध्ये उरतो. याचा आणखी एक फायदा : जिथे वाहक लिहिलाच नाही, तिथला प्रकाश कोरिलेशनच्या बाजूला जातच नाही. वर्णपटाचा मधला भाग असाच रिकामा सोडला की चित्राची सरासरी उजळ पातळी गळून पडते, आणि उजळ भिंतीवर उमटणारी खोटी पिकं बरीच कमी होतात.

फिल्टरच बदलायचा असेल तर

मॅच्ड फिल्टर, म्हणजे लक्ष्याच्या पूर्ण वर्णपटावरून काढलेला, पांढऱ्या (सगळ्या वारंवारितांवर सारख्या) नॉइजविरुद्ध गणिताने सर्वोत्तम, पण त्याचं पीक बसकं, आणि उजळ परक्या वस्तूलाही तो दाद देतो. फेज-ओन्ली, म्हणजे फक्त फेज बदलणारा, फिल्टर हॉर्नर आणि जियानिनो यांनी १९८४ साली मांडला. त्याचं पीक सुईसारखं आणि प्रकाश वाया जात नाही. पण तो सगळ्या वारंवारितांना एकच वजन देतो, आणि वरच्या वारंवारितांमध्ये लक्ष्य क्षीण नि नॉइज तेवढाच असतो. म्हणून दृश्य गोंधळाचं असेल तर शुद्ध फेज-ओन्ली फिल्टर राळ वाढवतो. माझा पहिला उपाय त्याच्या कडा छाटण्याचा : ज्या वारंवारितांवर लक्ष्याची ऊर्जा नॉइजपेक्षा कमी, तिथे वाहक लिहायचा नाही. तेवढ्याने भागलं नाही, तर पीकचा टोकदारपणा आणि नॉइजची सहनशक्ती यांच्यात तोल साधणारे ट्रेड-ऑफ फिल्टर आहेत. लक्ष्य फिरत किंवा लहानमोठं होत असेल तर अनेक स्थितींची चित्रं घालून केलेला संयुक्त फिल्टर लागेल. काही अंश फिरलेल्या लक्ष्याला एकच फिल्टर ओळखत नाही, आणि त्याला नॉइज म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

जॉइंट ट्रान्स्फॉर्म मांडणीत, म्हणजे दृश्य आणि संदर्भचित्र शेजारीशेजारी लावणारी वीव्हर आणि गुडमन यांची १९६६ ची, फिल्टर जुळवायची डोकेदुखी नाही, पण मध्यभागी स्वतःशीच झालेल्या कोरिलेशनचा डोंगर उभा राहतो. इनपुट दृश्याचा आणि संदर्भचित्राचा एकेकटा पॉवर स्पेक्ट्रम (वर्णपटाची तीव्रता) आधी टिपा आणि संयुक्त स्पेक्ट्रममधून वजा करा. बहुतेक डोंगर जातो.

इथे थांबा

हीलियम-निऑनचा वीजपुरवठा उघडू नका. नळी पेटताना त्यात हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही धक्का बसू शकतो. लेझरची शक्ती सातत्याने उतरत चालली असेल तर ते उत्पादकाच्या दुरुस्ती केंद्राचं काम. शलाका ५ मिलिवॉटच्या वरची किंवा अदृश्य असेल तर लेझर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाशिवाय जुळणीला हात घालू नका.

एसएलएमवर मेलेल्या ओळी, आत पसरणारे डाग किंवा कडेपासून सुटणारा थर दिसला तर तो घरी सुधारत नाही. लेन्सच्या लेपावर जळाल्याची खूण किंवा जोडलेल्या दोन काचांमध्ये इंद्रधनुषी बुडबुडा दिसला तर साफसफाई थांबवा, ती लेन्स बदलायची आहे. फोन करण्याआधी त्या पाच फ्रेम, पातळ्यांचा तक्ता आणि सरकवण्याचा नकाशा एका फोल्डरमध्ये ठेवा. तंत्रज्ञ आल्यावर पहिली मागणी त्याचीच होते, आणि फ्रेम बिघाडाआधीच्याही असतील तर त्याचा चकरा मारण्यातला अर्धा वेळ वाचतो.